चार तासांचे सत्र, तीन तासांचा डाव

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मुंबई-पुण्यात बोर्डगेमच्या मेळाव्यांत आता भूमिका-खेळांची टेबलेही लागतात. चार-सहा भिडू टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाकडे एक पात्र असते आणि एक जण प्रसंग उभे करतो. पात्राने काय करायचे ते भिडू सांगतो, ते जमले की नाही ते फासे सांगतात. प्रसंग उभे करणाऱ्याला इंग्रजीत गेम मास्टर म्हणतात. नाटकवेड्या मराठीत त्यासाठी सूत्रधार हा शब्द आयता आहे. घरी मित्रांबरोबर हा खेळ उत्तम चालवणारे अनेक जण मेळाव्यात पहिल्यांदा टेबल घेतात तेव्हा मात्र अडखळतात. बहुतेक वेळा आडवे येते ते घड्याळ. घरच्या डावाला पुढचा रविवार असतो. मेळाव्यातले अनोळखी भिडू चार तासांनी उठून जातात, शेवट राहिला तर राहिलाच. अशा टेबलाची तयारी कशी करावी, हे तपशिलाने लिहावे म्हणून हे पत्र.

हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ १९७४ साली आला. त्याचा एक कर्ता गॅरी गायगॅक्स याने अमेरिकेतल्या लेक जिनीव्हा गावात १९६८ सालीच ‘जेन कॉन’ हा खेळमेळावा सुरू केला होता. तो आता इंडियानापोलिसला भरतो. १९७५ साली बाल्टिमोरच्या ‘ओरिजिन्स’ मेळाव्यात स्पर्धेसाठी गायगॅक्सनेच एक भुयार रचले होते. स्पर्धेत सगळ्या गटांना सारखीच संधी हवी, म्हणून पात्रे आधीच तयार करून वाटण्याची पद्धत अशा स्पर्धांतून रुळत गेली. आज मेळाव्यात बहुधा गुण मोजले जात नाहीत, तरी तयार पात्रांची पद्धत सोडू नये. पात्र नव्याने रचायला नवख्या भिडूला तासभर सहज लागतो, आणि तो तास सत्रात नसतो.

आधी वेळेचा हिशेब. सत्र १० ते २ आहे असे धरू. पहिली १५ मिनिटे उशिरा येणाऱ्यांची, रांगेत अडकलेल्यांची आणि खुर्च्या शोधणाऱ्यांची. पुढची १५ मिनिटे पात्रवाटप आणि नियमांची. मध्ये १० मिनिटांची सुट्टी हवीच, नाहीतर भिडू एकेक करून उठतात आणि प्रत्येकासाठी डाव थांबतो. शेवटची १० मिनिटे टेबल रिकामे करण्याची, कारण पुढचा सूत्रधार मागे उभा असतो. म्हणजे खेळायला उरतात ३ तास १० मिनिटे. आता एका चकमकीला किती वेळ लागतो ते पाहा. एका भिडूची पाळी सरासरी २ मिनिटे धरा. पाच भिडूंची १०, सूत्रधाराच्या शत्रूंची ३, म्हणजे एक फेरी १३ मिनिटांची. तीन-चार फेऱ्यांत चकमक संपली तरी ४० ते ५० मिनिटे गेली. सहा भिडू असतील तर फेरी १५ मिनिटांवर जाते. हा हिशेब कागदावर मांडला की कळते, एका सत्रात दोन चकमकी बसतात. तिसरी घातली की शेवट बुडतो.

उदाहरण म्हणून एक साधा डाव घेऊ: गावची बारव भर पावसाळ्यात आटली आहे, आणि भिडूंनी खाली उतरून झऱ्याचे तोंड मोकळे करायचे आहे. बारव या कामाला फार चांगली. पायऱ्या एकाच दिशेने, खाली, नेतात. भिडू भलतीकडे जात नाहीत. कोनाडे आहेत, त्यांत काहीही ठेवता येते. मोटेची थारोळी, दोर, शेवाळ हे सगळे मराठी भिडूला सांगावे लागत नाही, डोळ्यांसमोर येते. परदेशी डावातला किल्ल्याचा खंदक समजावण्यात जाणारी पाच मिनिटे इथेच वाचतात.

हा डाव शेवटाकडून मागे रचा. अखेरचा प्रसंग कितीला सुरू झालाच पाहिजे? वरच्या सत्रात १२.५५ ला. ती वेळ टिपणाच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. ‘एक तास उरला की’ असे लिहू नका. धांदलीत वजाबाकी चुकते, घड्याळातली वेळच लिहिलेली बरी. मग मागे या: १०.३० ला सुरुवात, ११ पर्यंत पहिला प्रसंग, ११.४५ पर्यंत कोनाडे आणि भुयाराचा शोध, १० मिनिटे सुट्टी, ११.५५ ते १२.४० चोरांशी झटापट, पुढची १५ मिनिटे खाली उतरण्याची. यातला कोणता प्रसंग गाळता येईल हे आदल्या रात्रीच ठरलेले असावे. इथे तो चोरांचा. १२.०५ झाले आणि शोध संपलेला नाही, तर चोर पळून गेलेले दाखवा, त्यांची विझत आलेली मशाल तेवढी सापडू द्या. हा प्रसंग गाळला गेला असे कोणाला जाणवतही नाही. शेवट गाळला तर सगळ्यांना जाणवते.

सुरुवात गावच्या पारावर, कामगिरी देणाऱ्या म्हाताऱ्यापासून करण्याचा मोह टाळा. तिथे भिडू मोबदल्याची घासाघीस करतात, बाजारात दोर-मशाली घ्यायला जातात आणि अर्धा तास कापरासारखा उडतो. सामान पात्राच्या कागदावर आधीच लिहिलेले असू द्या आणि डाव सुरू होतो तेव्हा भिडू दहाव्या पायरीवर उभे असू द्या. वरून दोर तुटल्याचा आवाज येतो: आता काय करता? पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाने एकदा तरी फासा टाकलेला असावा. तोवर गप्प राहिलेला भिडू बहुधा पुढेही गप्पच राहतो.

शोधाच्या भागात अडकतो तो नवा सूत्रधार. एकच खूण ठेवली आणि ती सापडायला फासा लावला, तर कमी दान पडले की डाव तिथेच थांबतो. पुढे जाण्यासाठी जे कळलेच पाहिजे, त्याच्या तीन वेगवेगळ्या खुणा पेरा: कोनाड्यातली झिजलेली अक्षरे, भिंतीतून येणारा गार वारा, पाणक्या पोराने सांगितलेली गोष्ट. मुख्य खूण फाशाशिवाय मिळू द्या. फासा टाकायचा तो किती लवकर आणि किती नुकसान सोसून मिळाली, यासाठी. रहस्यकथेच्या अंगाने जाणाऱ्या खेळांत, उदाहरणार्थ १९८१ पासून चालत आलेल्या ‘कॉल ऑफ क्थुलू’त, हे फार कसोशीने पाळावे लागते.

चकमकीचे आकडे आधी बेतून ठेवा. मेळाव्यात पाच नावे नोंदलेली असतात आणि कधी चार येतात, कधी सहावा मित्राला घेऊन उभा राहतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत, तिसऱ्या पातळीच्या (पात्र मुरेल तशी पातळी चढते) पाच पात्रांपुढे एक म्होरक्या आणि चार चोर ही चांगली कसाची चकमक आहे. २०१४ च्या नियमांत साध्या दरोडेखोराचे प्राण, म्हणजे मार सोसण्याचा आकडा, ११ आणि म्होरक्याचे ६५. चार भिडू असतील तर दोन चोर कमी करा, सहा असतील तर एक वाढवा. म्होरक्याचे प्राण मात्र वाढवू नका. शत्रूचे प्राण वाढले की चकमक अवघड होत नाही, नुसती लांबते. उलट वेळ सरत आली असेल तर म्होरक्याचे निम्मे प्राण गेल्यावर त्याने पळ काढावा किंवा शरण यावे. हरणारा माणूस पळतोच, त्यात फसवणूक काही नाही.

अखेरच्या प्रसंगाला फेऱ्या मोजून ठेवणे सर्वात भरवशाचे. झऱ्याचे तोंड मोकळे झाले की पाणी दर फेरीला एकेक टप्पा चढते. चौथ्या फेरीनंतर जो खाली उरला त्याचे काय होते ते सगळ्यांना आधीच माहीत असू द्या. शत्रू एक-दोनच ठेवले तर सूत्रधाराची पाळी मिनिटात आटोपते, फेरी ११ मिनिटांत होते आणि चार फेऱ्या ४४ मिनिटांत. हा प्रसंग १२.५५ ला सुरू केला तर १.४० च्या आसपास संपतोच. प्राण संपेपर्यंत चालणाऱ्या चकमकीबद्दल असे कोणी सांगू शकत नाही. शिवाय एकट्या, भल्याथोरल्या राक्षसाशी लढाई ठेवली तर पाच भिडूंच्या पाच पाळ्यांपुढे त्याची एकच पाळी पडते. तो एकतर दोन फेऱ्यांत मरतो किंवा प्राण वाढवून ठेवल्यामुळे नुसता उभा राहून मार खातो.

आता पात्रे. पाच जागांसाठी सहा पात्रे, सहा जागांसाठी सात, म्हणजे शेवटी आलेल्यालाही निवड मिळते. तिसरी पातळी योग्य. पहिल्या पातळीचे पात्र एका फटक्यात पडू शकते, आणि पाचव्या पातळीला मंत्रांची यादी नवख्याच्या डोक्यावरून जाते. प्रत्येक पात्र एका ए-फोर कागदावर बसवा, अक्षर १४ पॉइंटांपेक्षा लहान नको, आणि बेरीज करून तयार आकडाच लिहा. योद्ध्याचे बळ १६ आणि प्रावीण्य २ असे लिहून भिडूला बेरीज करायला लावू नका, ‘तलवार: वीस बाजूंचा फासा + ५, लागली तर आठ बाजूंचा + ३’ एवढेच लिहा. मंत्र कागदावर पूर्ण लिहा, पुस्तकाचे पान क्रमांक देऊ नका, कारण पुस्तक एकच असते आणि ते नेहमी दुसऱ्याच्या हातात असते. पशूंची रूपे घेणारा ड्रुइड मेळाव्यात आणू नये. प्रत्येक रूपाचे वेगळे आकडे लागतात आणि बाकीचे चौघे वाट पाहत बसतात. प्रत्येक पात्राच्या कागदावर शेवटी दुसऱ्या एका पात्राशी जोडणारे एक वाक्य असू द्या: ‘धाकट्या भावाचे कर्ज हिने फेडले आहे, हे तुला माहीत आहे, तिला माहीत नाही.’ अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला एवढे निमित्त पुरते.

मराठीत डाव चालवावा की नाही, यावर बरीच कुजबुज असते. आमचे मत स्पष्ट आहे: टेबलावरचे भिडू मराठीत विचार करत असतील तर डाव मराठीत चालवा, आणि नुसता बोलण्यापुरता नाही, कागदही मराठीत द्या. परवानगीची अडचण उरलेली नाही. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संदर्भग्रंथ जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला झाला आणि सुधारित नियमांचा २०२५ मध्ये. श्रेयाची ओळ छापली की त्यातला मजकूर भाषांतरित करून वाटता येतो. पूर्ण पुस्तके मात्र खुली झालेली नाहीत, त्यांची पाने झेरॉक्स करून वाटू नयेत.

भाषांतरात जड शब्द नकोत. बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, जाण, छाप हे सहा गुण सहा शब्दांत आले. प्राण आणि बचाव (वार लागायला फाशाने गाठायचा आकडा) हे दोन आकडे सगळ्यांना लगेच कळतात. जिथे शब्द अडतो तिथे क्रिया सांगा: ‘ॲडव्हान्टेज’ला प्रतिशब्द घडवण्यापेक्षा ‘दोन फासे टाक, मोठा धर’ असे छापा. पाळी, दान, डाव, भिडू हे शब्द सारीपाटापासून आपल्याकडे आहेतच. आणि एक खास मराठीची अडचण, जी इंग्रजी मार्गदर्शनात कुठेच सापडणार नाही: आपले क्रियापद लिंग दाखवते. ‘तू दार उघडतोस’ असे लिहिलेले टिपण, पात्र एखाद्या मुलीने स्त्री म्हणून घेतले की दर वाक्याला अडखळते. म्हणून वाचून दाखवायचा मजकूर ‘तुम्हाला दिसते’, ‘कानावर येते’, ‘पायाखाली ओले लागते’ अशा रचनेत लिहा; त्यात लिंगाचा प्रश्नच येत नाही. पात्राचे नाव व लिंग भिडूला ठरवू द्या, कागदावर जागा कोरी ठेवा. मोठ्या माणसांना ‘तुम्ही’ आणि त्यांच्या पात्राला नाव घेऊन ‘तू’ म्हटले तर कोणी दुखावत नाही, पण हे सुरुवातीलाच सांगून टाकावे.

छापताना फाइल पीडीएफ करूनच न्या. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर तो टंक नसला की जोडाक्षरे फुटतात आणि हे कळते ते छपाई हातात आल्यावर. छपाई लेझरची घ्या, इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते. पात्राचे कागद लॅमिनेट करायचे असतील तर प्राण लिहायला वेगळी चिठ्ठी लावा. लॅमिनेशनवर पेन्सिल उमटत नाही. पेन्सिली आठ, खोडरबर दोन, शार्पनर एक.

फाशांचे सहा संच न्या. नवखे भिडू बारा आणि वीस बाजूंच्या फाशांत, तसेच आठ आणि दहाच्या फाशांत हमखास गल्लत करतात. सगळ्या संचांत वीस बाजूंचा फासा एकाच रंगाचा, समजा लाल, ठेवला आणि कागदावर ‘लाल फासा’ लिहिले की निम्मे प्रश्न मिटतात. दशक दाखवणारा ००-९० चा फासा घरीच ठेवा, या डावात तो फक्त गोंधळ घालतो. फासे टाकायला ताटात रुमाल अंथरून द्या, नाहीतर प्रत्येक दानाला कोणीतरी टेबलाखाली वाकलेला असतो.

नकाशावर एक इंचाची चौकट म्हणजे खेळातले पाच फूट. फ्लेक्सवाल्याकडून दोन बाय तीन फुटांचा चौकटी आखलेला नकाशा छापून घेणे स्वस्तात होते. त्यावर थेट लिहू नका, वर जाड पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा आणि मार्कर आधी कोपऱ्यात पुसून पाहा. तयार व्हिनाइल मॅट असेल तर पाण्याने पुसला जाणारा मार्करच वापरायचा. व्हाइटबोर्डचा मार्कर त्यावर कायमचा बसतो, आणि लाल शाई तर पाण्याची असली तरी रात्रभर ठेवली की डाग सोडते. प्यादी म्हणून कॅरमच्या सोंगट्या आणू नका. त्या तीन सेंटिमीटरहून रुंद असतात, इंचाच्या चौकटीत मावत नाहीत, आणि दाटीच्या चकमकीत कोण कुठे उभा आहे यावरून वाद होतो. दहाचे नाणेही २७ मिलिमीटरचे, म्हणजे किंचित मोठेच. रुपयाची नाणी किंवा ल्युडोच्या सोंगट्या बरोब्बर बसतात.

जाड कागदाची त्रिकोणी घडी करून प्रत्येकापुढे नावाची पाटी ठेवा: दोन्ही बाजूंना भिडूचे आणि पात्राचे नाव, सूत्रधाराकडच्या बाजूला पात्राच्या बचावाचा आकडाही. तो दर फेरीला विचारावा लागत नाही. पाळीचा क्रम चिठ्ठ्यांवर लिहून सगळ्यांना दिसेल असा लावा, म्हणजे पुढची पाळी कोणाची हे भिडूला आधीच कळते आणि तो ठरवून बसतो. दोन मिनिटांची पाळी दोनच मिनिटांची राहते ती यामुळे.

सभागृहातला आवाज हा घरच्या सूत्रधाराला सर्वात अनपेक्षित असतो. शेजारी चार टेबले ओरडत असतात, वर ध्वनिक्षेपकावर कोणाची तरी हरवलेली पिशवी जाहीर होत असते. तीन वाक्यांहून लांब मजकूर वाचून दाखवू नका, चौथे वाक्य पोहोचत नाही. भिंतीकडे पाठ करून बसा, म्हणजे आवाज एकाच बाजूला जातो. हळू बोलणाऱ्याला आपल्या शेजारी बसवा, खणखणीत आवाजाचा भिडू टेबलाच्या टोकाला चालतो. महत्त्वाचे नाव कानावर सोडू नका, चिठ्ठीवर लिहून मध्यभागी ठेवा. कोमट पाणी जवळ ठेवा. दुपारच्या दुसऱ्या सत्रात घसा बसतो तो पहिल्या सत्रात ओरडल्यामुळे.

टेबलावर अनोळखी माणसे असतात, हे कधी विसरू नये. डावात काय आहे, रक्तपात, भुते, बुडून मरणे, हे नोंदणीच्या मजकुरातच लिहा आणि वयाची अट घाला. सुरुवातीला टेबलाच्या मध्ये फुली काढलेले एक कार्ड ठेवा. जॉन स्टॅव्हरोपुलोस यांनी रूढ केलेली ही पद्धत अगदी साधी आहे: कोणीही कार्डाला हात लावला की चालू प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे, कारण विचारायचे नाही. बुडणाऱ्या माणसाचा प्रसंग कोणाच्या घरी खरोखर घडून गेला आहे, हे सूत्रधाराला कसे कळणार? नवख्या गटाला हे दोन वाक्यांत समजावता येते आणि जमलेल्या गटाला ते खटकत नाही.

डाव मेळाव्याआधी दोनदा तरी चालवून पाहा, त्यातला एकदा नियम न जाणणाऱ्यांबरोबर, आणि प्रत्येक प्रसंगाची वेळ टिपून ठेवा. नेहमीच्या मित्रांबरोबर अडीच तासांत संपलेला डाव सभागृहात सव्वातीन तासांचा होईल असे धरून चाला.

संयोजकांना एक विनंती. दोन सत्रांमध्ये अर्धा तास मोकळा ठेवावा आणि टेबलांमध्ये किमान सहा फूट अंतर. सहा फुटी गोल टेबले लग्नाच्या पंगतीला ठीक, या खेळाला नाहीत. समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि नकाशाच्या मध्यापर्यंत हात पोहोचत नाही. अडीच फूट रुंदीची लांबट टेबले मागवावीत. मंडपवाल्यांकडे ती असतात, फक्त आधी सांगावे लागते.

आपले,
टेबलावरचे खेळ चालवणारे काही वाचक, पुणे